सतराव्या नावाची हजेरी

पाणक्या कधी खोटं बोलत नाही, असं माणदेश विद्यापीठाच्या युद्धस्मृती प्रयोगशाळेत सगळेच म्हणत. बोलेल कशाला? यंत्रच ते. त्याला ना गाव, ना गोत, ना कुणाची भीड. त्यामुळं ३ एप्रिल २०४१ च्या सकाळी त्यानं पडद्यावर जे उमटवलं, ते पाहून डॉ. इंद्रायणी भोईटेनं पहिला संशय स्वतःवर घेतला. चिठ्ठी चुकीची लागली असेल. दात बदलला असेल. तिनं नमुना पुन्हा बसवला, पुन्हा चालवला. मग जेवायला गेली, डबा न उघडताच परत आली आणि तिसऱ्यांदा चालवला. पाणक्या आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पलटणीत शिपायांना पाणी पाजणारा तो पाणक्या, आणि हे यंत्र शिपायांनी प्यालेलं पाणी शोधणारं. त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. मूल जन्मल्यापासून बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या दातांचं कवच थराथरानं तयार होत असतं. त्या वर्षांत ते जे पाणी पितं, त्यातले धातू कणाकणानं त्या कवचात जाऊन बसतात. त्यांतला मुख्य स्ट्रॉन्शियम. हा कॅल्शियमचा चुलतभाऊ म्हणायचा. शरीर त्यालाच कॅल्शियम समजून घरात घेतं आणि एकदा कवच पक्कं झालं की दार बंद. पुढं तो माणूस गाव सोडो, देश सोडो, मरून शंभर वर्षं परक्या मातीत पडो. हाडांतला डीएनए ऊन आणि खारी माती खाऊन टाकते, पण लहानपणी प्यालेलं पाणी दातात जसंच्या तसं राहतं. पाणक्या लेझरनं दातावर केसाएवढी रेघ ओढायचा, उडालेली वाफ तोलायचा आणि त्या पाण्याचा पत्ता सांगायचा.

एवढं जगाला ठाऊक होतं. इंद्रायणीचं कर्तृत्व त्यापुढचं. सगळा दख्खन एकाच काळ्या दगडाचा, त्यात गावागावांतला फरक कसा ओळखणार, असं म्हणून भल्याभल्यांनी हात टेकले होते. तिनं स्ट्रॉन्शियमच्या जोडीला आणखी चौदा धातू घेतले आणि आठ वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पडलेले, उपटलेले दात गोळा केले. नळ येण्याआधी विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांचे दात. लोक तिला 'दातवाली बाई' म्हणून हसले, पण दात दिले. सहा हजार चारशे दातांचा तो नकाशा तयार झाला, तेव्हा परदेशांतली विद्यापीठं तिला पत्रं लिहू लागली.

त्याच सुमारास टायग्रिस नदी आटली. इराकमध्ये कूत शहराच्या खालच्या अंगाला, उघड्या पडलेल्या पात्रात पहिल्या महायुद्धातल्या एकतीस शिपायांचे सांगाडे सापडले. इराक सरकारनं ते सन्मानानं पाठवले आणि विद्यापीठानं एकेकाला त्याच्या गावी पोचवायचं काम हाती घेतलं. तीसजण अनामिक होते. नवव्या सांगाड्याच्या गळ्याशी मात्र पितळी बिल्ला होता आणि त्यावरचं नाव अजून वाचता येत होतं. रावजी भोईटे. इंद्रायणीच्या पणजोबांचा थोरला भाऊ.

म्हणजे नवव्याचा दात तपासणं ही निव्वळ रीत होती. आणि पाणक्यानं गाव बरोबर सांगितलंही: तांबखडी, जिल्हा सातारा. पण खाली, सगळ्यांत जवळचा जुळणारा नमुना म्हणून त्यानं २११ क्रमांक दाखवला. २११ म्हणजे सुगंधा अहिवळे, निवृत्त आरोग्यसेविका. इंद्रायणीच्या वडिलांचा दात होता २०८. तो कुठल्या कुठं लांब पडला होता.

तांबखडीत नळ येईपर्यंत दोन विहिरी होत्या, आणि कुणी कोणत्या विहिरीवर जायचं हे कुणाला विचारावं लागत नसे. गावाची विहीर वर, काळ्या कातळात. महारवाड्याची खाली, ओढ्याच्या अंगाला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये भाजून निघालेल्या जुन्या मातीचा तांबडा पट्टा गावाखालून जातो. गावाला नाव पडलं ते त्यावरूनच. खालची विहीर त्या पट्ट्यातून खणलेली होती. दोन्ही विहिरींत अंतर तीनशे पावलांचं, पण पाण्यात लिथियम आणि स्ट्रॉन्शियमचा फरक दुपटीचा. गावानं पिढ्यानपिढ्या जे अंतर पाळलं, ते दातांनी लिहून ठेवलं होतं.

इंद्रायणी हादरली ती पुढच्या विचारानं. इंग्रजांनी महारांची भरती युद्धाच्या वीसेक वर्षं आधीच बंद केली होती, ती पुन्हा उघडली १९१७ साली. कूतच्या लढाया त्याच्या आदल्या वर्षीच्या. म्हणजे खालच्या विहिरीवर वाढलेला माणूस त्या पलटणीत असायला एकच वाट होती. तो दुसऱ्याच्या नावानं गेला.

आता हे दुसरं कुठलं गाव असतं तर गोष्ट वेगळी होती. तांबखडी म्हणजे पाऊस कमी आणि फौजी जास्त. वेशीजवळ संगमरवरी पाटी आहे: 'या गावातून ४३ जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले. त्यांपैकी ९ जणांनी प्राण दिले.' सरकारनं त्या काळी आकडाच कोरला. नावं शाळेतल्या एका वहीत आहेत. दरवर्षी २९ एप्रिलला ती वही बाहेर निघते. कूतचा वेढा संपला तो हा दिवस. खरं म्हणजे त्या दिवशी तिथल्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली होती, पण तांबखडीला हार-जितीशी कर्तव्य नव्हतं. पाटीसमोर गाव जमतं, मुख्याध्यापक एकेक नाव पुकारतात आणि त्या घरातलं माणूस उठून 'हाजिर!' म्हणतं. भाषण नाही, गाणं नाही. बाहेरच्या पाहुण्याला पहिल्या दोन नावांना गंमत वाटते. दहाव्या नावाला तो खुर्चीतून उठून उभा राहिलेला असतो.

सतरावं नाव शिपाई रावजी भोईटे. त्यावर गेली वीस वर्षं इंद्रायणीचे वडील उठत होते. सुभेदार जगन्नाथ भोईटे, म्हणजे आबा, वय बहात्तर, पाठ अजून ताठ. गावच्या हायस्कूलला नाव रावजीचंच. आणि यंदा तर शतकोत्तर रौप्यमहोत्सव! विद्यापीठानं मुख्य समारंभ तांबखडीतच ठेवला होता. रावजीचा फोटो कुठंच नव्हता, म्हणून आबांच्या तरुणपणीच्या फोटोंवरून त्याची चालतीबोलती प्रकाशमूर्ती बनवून घेतली होती. नाव पुकारताच ती पाटीशेजारी उभी राहून सलाम ठोकणार होती.

कुलगुरू डॉ. वृंदा सामंत यांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक असण्याची शक्यता?"

"हजारात एक."

"समारंभाला सव्वीस दिवस आहेत, इंद्रायणी. सेनेचे अधिकारी येणार आहेत, इराकचे राजदूत येणार आहेत. प्रकाशमूर्ती तयार आहे."

"त्या मूर्तीला माझ्या वडिलांचा चेहरा आहे, मॅडम."

"मग अडचण काय आहे?"

"हीच."

सामंतबाई जराशा हसल्या. बाई करड्या होत्या, पण शास्त्राच्या बाबतीत लबाडी करणाऱ्या नव्हत्या. "हे बघ, निकाल तुझा, सही तुझी. मी तो दाबणार नाही. पण समारंभाच्या दिवशी गावात डोकी फुटली तर तो निकाल कुणी वाचणार नाही. दोन्ही घरांशी बोलून ये. काय ठरतं ते मला सांग."

दुसऱ्याच दिवशी इंद्रायणी घरी गेली. आबा ओसरीवर मेडलं पुसत बसले होते. लेकीला पाहून त्यांचा चेहरा उजळला. हिच्यामुळं आपला रावजी घरी येतोय, हे ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

"आबा, नवव्याच्या दाताचा निकाल आला."

"मग? आपलाच न्हवं?"

"गाव आपलंच. विहीर आपली नाही."

आबांचा हात थांबला. तिनं सगळं सांगितलं. नमुना २११ सांगितला, २०८ सांगितला, भरतीचं साल सांगितलं. आबांनी मधे एक शब्द काढला नाही. फौजेत वरिष्ठांचं ऐकून घ्यायची सवय असते, ती लेकीपुढंही कामी आली. मग म्हणाले, "बिल्ल्यावर नाव हाय. पलटणीनं दिलेला बिल्ला हाय. पलटण खोटी आन् तुझं यंत्र खरं?"

"पलटणीला जे नाव सांगितलं, ते तिनं कोरलं."

"म्हंजे माझा चुलत आजा पळाला, असं म्हणतीयास तू."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हण की! सव्वाशे वर्सं ज्याच्या नावानं आपण मान घेतला, शाळेला नाव दिलं, त्यो दडून बसला व्हता, असं म्हण. एवढी शिकवली ती याच्यासाठी?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चढला आणि लगेच पडलाही. ते मेडलं तशीच टाकून रानाकडं निघून गेले. इंद्रायणीला वाईट वाटलं, रागही आला. लहानपणी खोटं बोलली म्हणून याच माणसानं तिला भर उन्हात मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या होत्या. खरं बोलायचं ते कुणामुळं शिकली ती?

पुढचे पंधरा दिवस आबांनी तिचा फोन घेतला नाही.

सुगंधा अहिवळे खालच्या आळीत, म्हणजे पूर्वीच्या महारवाड्यात राहायच्या. लग्नानंतर नाव आणि गाव दोन्ही न बदललेली बाई. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. इंद्रायणीला लहानपणच्या सगळ्या सुया त्यांनीच टोचलेल्या. दारात तिला बघून त्या म्हणाल्या, "ये इंदू. आता आणखी दात नाही हं द्यायचा, राहिलेत तेवढे मला लागतात."

पण मग त्यांनी निकाल ऐकला. उठून आत गेल्या, पाणी पिऊन बाहेर आल्या.

"आधी घरी सांगितलंस?"

"हो."

"साहजिक आहे. पण ध्यानात ठेव, आमच्याकडं तू दुसऱ्यांदा आलीस."

इंद्रायणीनं मान खाली घातली.

"लखू," सिस्टर म्हणाल्या. "लखमाजी येसाजी. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. आमच्या घरात म्हणायचे, लखू बसऱ्याच्या, म्हणजे इराकच्या लढाईला गेला. गाव हसायचं. तुमच्या लोकांना पलटणीत घेतच नव्हते तर हा कसा गेला? मुंबईला पळाला असेल, म्हणायचे. 'पळपुट्या लखूचं घर' असा आमचा पत्ता होता. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हापासून मरेपर्यंत तिनं ते ऐकलं."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"पुरावा काय होता? आणि ऐकणार कोण होतं?" त्यांनी पदरानं डोळे टिपले, पण आवाज ओला झाला नाही. "त्याचा बाप येसाजी जुन्या पलटणीतला पेन्शनर. आजाही शिपाई. पोरगं रोज अंगणात खांद्याला काठी लावून कवायत करायचं. आणि सरकार म्हणतं, तुमची भरती बंद."

"अहवालात मी असं लिहिणार आहे," इंद्रायणी म्हणाली, "की गावचे पाटील असलेल्या आमच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या मुलाऐवजी त्या बिचाऱ्याला पाठवलं असावं. आमच्या घरानं केलेला तो अन्याय आहे, आणि..."

"थांब. बिचारा नको लिहू. पाठवलं तर मुळीच नको लिहू. तुमच्या घराला पोरगं लपवायचं होतं, ते खरं असेल. ते तुमचं तुम्ही बघा. पण लखूला जायचं होतं. त्याला दार उघडं दिसलं आणि तो आत शिरला. नाव दुसऱ्याचं मिळालं, छाती तर स्वतःचीच होती ना? त्याला शिपाई लिही."

इंद्रायणीनं वही काढून तिथंच ओळ बदलली. मग भीतभीत विचारलं, "हजेरीला तुम्ही हाजिर म्हणाल?"

"कुठल्या नावावर? सतराव्यावर सुभेदार उठणार. मग शेवटी चव्वेचाळिसावा म्हणून लखूला जोडणार? पाटीवर त्रेचाळीस आहेत, इंदू, आणि ती पाटी खरं बोलते. त्रेचाळीसच गेले. त्यांत लखू होता आणि रावजी नव्हता. एका जागेवर दोन शिपाई उभे राहत नाहीत. सुभेदारांनी स्वतः ती जागा मोकळी केली तर मी उठेन. विद्यापीठानं दिलेला मान नको, तू रडून मिळवलेलाही नको. नाही केली, तर बसून राहीन. बसायची सवय आहे आम्हाला."

एकोणीस एप्रिलला दुपारी प्रयोगशाळेच्या दारात सुभेदार भोईटे उभे राहिले. एसटीनं तीन तास प्रवास करून, भर उन्हात, पलटणीचा कोट घालून, छातीवर सगळी मेडलं लावून. विद्यार्थ्यांची पांगापांग झाली. आबांनी लेकीकडं पाहिलं नाही.

"नऊ नंबर दाखव."

तिनं त्यांना आतल्या थंड खोलीत नेलं. पेटीचं झाकण काढलं. आबांनी टोपी काढून काखेत धरली आणि वाकून आत पाहिलं.

"वय?"

"वीस-एकवीस."

"लागलं कुठं?"

"छातीत. समोरून."

"बाकीचे?"

"बाकीचे मागं, एका चरात. हा त्यांच्यापुढं चाळीस पावलांवर सापडला."

"एकटा?"

"एकटा."

आबांनी मान हलवली. त्यांनी स्वतः बर्फात लढाई पाहिली होती. चाळीस पावलं म्हणजे काय, हे त्यांना लेकीनं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम केला. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि भिंतीकडं पाहत बोलू लागले.

"मी सहा वर्सांचा आसन. आजोबा दरसाल एकदा मुंबईला जायचे. परळला. कुणाकडं, ते कुणी विचारायचं न्हाई. एका वर्सी परत आले ते डोकं भादरून, मिशी उतरवून. आता घरात तर कुणी गेलं नव्हतं. मी इचारलं, आजोबा, कोण मेलं? तर आईनं थोबाडीत दिली."

इंद्रायणीनं हळूच पेटीचं झाकण लावलं.

"आन् हजेरीला आजोबा एकदाबी हाजिर म्हणाले न्हाईत. माझा बाप म्हणायचा, पुढं मी. आमाला वाटायचं, भावाच्या आठवणीनं म्हाताऱ्याचा गळा दाटतो. हाजिर कसं म्हणतील? भाऊ परळच्या चाळीत जित्ता व्हता. सगळं समोर व्हतं, इंदे. कळत व्हतं. कळून घेतलं न्हाई." त्यांनी नाक शिंकरलं. "लई अभिमान व्हता गं. बिल्ल्यावर रावजीचं नाव हाय, हे तू पयल्यांदा सांगितलंस तवा मी गावभर सांगत सुटलो, आमचं रगात हाय म्हणून."

"आबा..."

"तू अहवाल दे. सही कर, आन् पुरं नाव लिही, भोईटे. दडवू नको. खरं शोधलं माझ्या लेकीनं, हे तरी मला म्हणता यील." त्यांनी टोपी चढवली. "आन् ते माझं थोबाड लावलेलं भूत बंद करायला सांग त्या तुझ्या बाईंना."

"आणि हजेरी?"

"ते इचारू नको," आबा दारातूनच म्हणाले. "माझं मलाच अजून ठाव न्हाई."

अहवाल बाहेर पडला आणि तांबखडी दोन दिवस भणाणून गेली. भोईट्यांच्या भावकीनं आबांच्या ओसरीवर बैठक घेतली. दात-बीत आम्ही मानत नाही, तुम्ही नेहमीसारखं उठा, बाकीचं आम्ही बघतो, असा एकंदर सूर. आबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कुणालाच शब्द दिला नाही. खालच्या आळीतही चर्चा होतीच, पण सिस्टरनी एकच सांगून ठेवलं होतं: कुणी घोषणा द्यायची नाही, कुणी आधी उठायचं नाही. बघायचं.

२९ एप्रिलला सकाळी सातलाच वेशीवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सेनेचं पथक आलं होतं, राजदूत आले होते, वर ड्रोन घिरट्या घालत होते. फुलांनी झाकलेली नवव्याची पेटी पाटीसमोर ठेवली होती. तिच्यावर नावाची चिठ्ठी नव्हती, शेजारी प्रकाशमूर्तीही नव्हती. कुलगुरूंनी दोन मिनिटांत निवेदन वाचलं. नकाशा, दात, दोन विहिरी, सगळं सरळ सांगितलं. रावजींचं नाव आलं तेव्हा गर्दीतून कुजबुज उठली आणि विरली. पुढच्या रांगेत एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला सिस्टर. इंद्रायणी आबांच्या शेजारी बसली होती, पण ते तिच्याशी सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते.

मुख्याध्यापक मुलाणीसरांनी वही उघडली. त्यांच्या वहीत इंद्रायणीनं काल एक कागद ठेवला होता. 'सतराव्या नावानंतर जे होईल त्यावर बघा, सर,' एवढंच ती म्हणाली होती. त्यांनाही पुढचं काही माहीत नव्हतं.

"एक. हवालदार धोंडिबा शिंगाडे."

"हाजिर!"

"दोन. शिपाई कासम मुलाणी." मुलाणीसर स्वतःच थांबले, वही खाली केली आणि स्वतःच म्हणाले, "हाजिर!" दरवर्षी ते असंच करत.

तीन, चार, पाच. कुठं म्हातारा उठत होता, कुठं कॉलेजातली मुलगी. सहा. नऊ. इराकचे राजदूत उभे राहिले होते. बारा. पंधरा. आबा उठून हाजिर म्हणाले तर? आठ वर्षांचं काम, सहा हजार दात, सगळं एका शब्दात वाहून जाईल, आणि तरी तिला आबांचा राग येणार नाही, हेही तिला कळत होतं. सोळा.

"सतरा. शिपाई रावजी भोईटे."

आबा उठले. कोट नीट केला. भावकीच्या रांगेत समाधानाची हालचाल झाली. सिस्टर समोर पाटीकडं पाहत होत्या, हात मांडीवर.

आबांनी टाचा जुळवल्या. छाती भरून घेतली. बत्तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस तो. आता जो शब्द तो उच्चारणार होता, त्याची लाज काय असते, हे त्या मैदानात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात त्यानं तो शब्द दुसऱ्यांविषयी उच्चारला होता आणि त्यांच्याकडं नंतर पाहिलं नव्हतं.

"गैरहजर!"

आवाज वेशीच्या कमानीवर आदळून परत आला. मुलाणीसरांनी वर पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि तो कागद उलगडला.

"सतरा. शिपाई लखमाजी येसाजी अहिवळे."

सुगंधाताई उठल्या. सत्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, पण खुर्चीचा आधार घेतला नाही. त्यांच्यामागं खालच्या आळीची रांगच्या रांग उठली. कुणी सांगितलं नव्हतं.

"हाजिर!"

आणि तो शब्द ऐकून शेवटून चौथ्या रांगेतला एक भोईटे उठला, मग दुसरा, मग सगळं मैदान. सेनेच्या पथकानं बंदुका उंचावल्या. आबा पेटीकडं तोंड करून सलामात उभे होते आणि सुगंधाताई बसेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. इंद्रायणीला वाटलं, आपल्या बापाइतका मोठा माणूस आपण पाहिला नाही. तिला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं.

आबा खाली बसले. हात त्यांनी गुडघ्यांवर दाबून धरले. मग एवढ्या दिवसांनी ते लेकीकडं झुकले.

"माझा आवाज फाटला का गं?"

"नाही आबा," ती म्हणाली. "खणखणीत होता."

मुलाणीसरांनी अठरावं नाव पुकारलं.